मांडीचा घेर

टिकारामने टेप आधी डाव्या मांडीभोवती गुंडाळला, मग उजव्या, आणि काहीतरी चुकले असावे अशा मुद्रेने पुन्हा एकदा डाव्या. गुडघ्याच्या वाटीपासून वर चार बोटे आणि त्यावर आणखी चार बोटे मोजून त्याने दोन्ही मांड्यांवर बॉलपेनने निळी खूण केली होती, आणि निवृत्त हवालदार खेमराज नान्हे, वय पंचावन्न, पवनीच्या बसस्थानकासमोरच्या त्या दहा बाय दहाच्या गाळ्यात, प्लायवूडच्या आडोशामागे, हाफपँट वर सरकवून उभा होता. पलीकडे धानाच्या बियाण्याचे दुकान होते. भिंतीतून कीटकनाशकाचा वास झिरपत होता. "दोन्ही सारख्याच हायेत, उस्ताद," टिकाराम म्हणाला. खेमराजच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटले ते समाधान होते, आणि ते तसे उमटले आहे हे त्याला कळायच्या आत टिकारामने टेप गुंडाळून खिशात घातला. "सत्यानास केला तुमी," तो म्हणाला, अगदी आदराने.

मेडिकल बोर्डाला चोवीस दिवस उरले होते. दहा वर्षांपूर्वी निवृत्त होताना खेमराजच्या उजव्या गुडघ्यासाठी सैन्याने वीस टक्के अपंगत्व मान्य केले होते, तेही दहा वर्षांपुरते. मुदत सरली म्हणून छावणीतल्या लष्करी दवाखान्यातून फेरतपासणीचे पत्र आले होते. आकडा विसाच्या खाली घसरला की पेन्शनचा तेवढा भाग बंद, आणि त्याच भागावर त्याची मुलगी डिंपल भंडाऱ्याच्या नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकत होती. हे सारे त्याला ठाऊक होते. तरीही पत्र हाती पडल्यापासून दोन महिने त्याने जी तयारी केली ती, आता स्वतःच्या मांडीवरची निळी खूण न्याहाळताना त्याच्या ध्यानात आले, नेमकी उलट दिशेची होती. 'मेडिकल' या शब्दाचा त्याच्या लेखी आयुष्यभर एकच अर्थ होता: पास व्हायचे. एकोणिसाव्या वर्षी भरतीच्या मैदानावर छाती फुगवून उभा राहिला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण श्वास सोडला नव्हता. पुढे गस्तीवर बर्फाच्या उतारावर पाय अडकला, शरीर वळले आणि गुडघा वळला नाही, त्यानंतरही खालची श्रेणी मिळून बढती अडू नये म्हणून दरवर्षीच्या तपासणीत त्याने दाढेखाली गालाचे मांस धरून उठाबशा काढून दाखवल्या होत्या. निवृत्तीच्या वेळी एका म्हाताऱ्या डॉक्टरने त्याला काही न विचारता गुडघा दोन्ही तळव्यांत धरून वाकवला, आतली करकर बोटांनी ऐकली आणि गुपचूप लिहून टाकले, म्हणून ते वीस टक्के तरी मिळाले. या खेपेलाही पत्र आले त्या दिवशीच त्याने ब्लेझर इस्त्रीला दिला, बुटांना पॉलिश काढले, आणि डिंपलला सांगितले, "पायाले जरा दम आला पाह्यजे, बाई." डिंपलने पुस्तकातून व्यायाम शोधून दिले. सकाळी पन्नास, संध्याकाळी पन्नास. पायाला विटेची पिशवी बांधून उचलणे, टाचेखाली उशी दाबणे. मांडी भरून आली.

"बोर्ड तुमचं तोंड नाई पाहात, उस्ताद. मांडी मोजते," टिकाराम समजावत होता. "टोंगळा दुखते मनून सारेच सांगतेत. पन दुखऱ्या पायावर मानूस वजन टाकत नाई, मंग ते मांडी आपोआप वाळते. दोन-तीन सेंटीमीटर कमी भरली का डॉक्टर समजते, मानूस खरं बोलून राहिला. तुमी तं मांडीलेच खोटं बोलाले लावलं." मग त्याने विचारले, "कोनी शिकवलं हे?"

"पोरीनं."

"हुशार हाय," टिकाराम म्हणाला. "आता हे मोडा लागते."

आडोशाबाहेरच्या बाकावर तिघे बसले होते, आणि त्यांच्याकडे पाहताना खेमराजच्या घशाशी जी आंबट चव आली ती त्याच्या चांगल्या ओळखीची होती. बटालियनमध्ये रोज सकाळी आजारी म्हणून रांगेत उभ्या राहणाऱ्यांना पाहूनही ती अशीच यायची. एकाने कमरेचा पट्टा शर्टावरून बांधला होता, म्हणजे लांबून दिसावा. दुसऱ्याची काठी इतकी नवी होती की तिच्यावरची दुकानाची चिठ्ठी अजून निघाली नव्हती. तिसरे भैय्याजी, माजी वाहनचालक. त्यांचा कान तोफगाड्या ओढता ओढता गेला होता असे त्यांचे म्हणणे, आणि मागून हाक आली की वळायचे नाही एवढाच त्यांचा महिनाभराचा अभ्यास. "भैय्याजी, चाहा!" टिकारामने त्यांच्या पाठीमागून हळूच म्हटले, आणि भैय्याजी वळले. "मेले! आजबी मेले तुमी," टिकारामने कपाळावर हात मारला. "कायले वळले?" भैय्याजी शांतपणे कप घेत म्हणाले, "अरे चाहा मनल्यावर मुडदाबी वळन गा." बाक हसला. खेमराज हसला नाही. रस्त्यावरून एक ऑटो कर्ण्यावर ओरडत गेला; मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे, दिवस होते, धान कापून झाले होते, गावोगाव नाटके लागत होती, आणि आजच्या खेळात कोण रडवणार आणि कोण हसवणार याची हमी तो कर्णा दिवसाढवळ्या देत होता. गाळ्याच्या भिंतीवरही नाटकाचीच जाहिरात चिकटवलेली, तिच्या अर्ध्या भागावर 'माजी सैनिक मार्गदर्शन केंद्र' असा फलक. सारा जिल्हाच या महिन्यात तोंडाला रंग लावून बसला आहे, खेमराजला वाटले; आणि बाकावरच्या या तिघांना निदान तिकीट तरी लावायला हवे. त्याने पँट चढवली. खिशातून फीची नोट काढली तेव्हा टिकारामने दोन्ही हात जोडले. "उस्तादकडून घेऊ काय? तुमी मले चालाले शिकवलं."

हे तो काय अर्थाने म्हणाला, याचा विचार खेमराज जुन्या परकोटाला लागून असलेल्या आपल्या घरापर्यंत करत राहिला, आणि खरे तर विचार करायची गरज नव्हती. तेवीस वर्षांपूर्वी खेमराज प्रशिक्षण केंद्रावर उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारा, होता आणि रंगरूट टिकाराम त्याच्या पलटणीत होता. दिघोरीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, धानाच्या चिखलातून थेट आलेला. दुसऱ्या महिन्यात तो म्हणू लागला की पायाची नळी ठणकते. इतर कोणी म्हटले असते तर खेमराजने कदाचित दवाखान्याची चिठ्ठी दिलीही असती. पण दुसऱ्या मुलखातले उस्ताद शेजारी उभे होते, त्यांच्यातला एक म्हणाला होता, "नान्हे, ये तेरे ही मुलुक का है ना?" आणि त्या हसण्याने खेमराजच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. 'कामचोर' म्हणाला तो. 'नौटंकी' म्हणाला. पाठीवर वाळूची पिशवी देऊन मैदानाला रोज दोन फेऱ्या जास्तीच्या लावल्या, आणि प्रत्येक फेरीला स्वतः शेजारून धावला, कारण आपण अन्याय करत नाही याची त्याला खात्री होती. चौथ्या दिवशी वळणावर आवाज झाला. फार मोठा नव्हता. वाळलेली तुराटी पायाखाली मोडावी तेवढा. टिकाराम नोकरी सुटून घरी गेला, आणि पेन्शनसाठी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवता झिजवता नियमांची एवढी पुस्तके पाठ करून बसला की आता तीन तालुक्यांतले माजी सैनिक त्याच्या बाकावर येऊन बसत होते. त्या गाळ्यात पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हा खेमराजला वाटले होते की तो शिव्या देईल, निदान ओळख दाखवणार नाही. टिकारामने उठून खुर्ची पुसून दिली. डाव्या पायाने झुलत तो चहा सांगायला गेला, आणि त्या झुलण्यात दाखवण्याचा भाग किती आणि खरा किती हे खेमराज सवयीने मोजत राहिला.

"वीस दिवस पाय मनजे सासुरवाडीले आलेला जावई समजा," टिकारामने निघताना बजावले होते. "काईच काम सांगाचं नाई. घाट उतराचा नाई, मांडी घालून बसाचं नाई, संडासले गेले तं भार डाव्यावर." खेमराजने ओसरीवरच्या खाटेवर अंग टाकले आणि तो जावई झाला. पहिले दोन दिवस त्याने छताचे फाटे मोजले. तिसऱ्या दिवसापासून पायाला, ज्याला सदतीस वर्षे रोज सकाळी हुकूम मिळत आला होता, मुंग्या यायला लागल्या. स्नायू आपले आपण थरथरत, जणू कोणी बोलावले का म्हणून पाहत आहेत. तो रोज सकाळी टेप लावी. आकडा खाली यायला हवा होता आणि तो आला की खेमराजला शिसारी येई. न आला की धास्ती वाटे. आपण स्वतःचा पाय चोरतो आहोत, थोडा थोडा, रोज सकाळी, दूधवाला जसा पाण्याचा हात थोडा थोडा वाढवतो तसा, असे त्याच्या मनात येई. आणि या साऱ्याला काडीचीही गरज नव्हती, हा विचार सर्वांत संतापाचा होता. गुडघा खराच गेला होता. त्याचा पुरावा तो आजवर रोज पहाटे नदीवर जाताना घाटाच्या पायऱ्यांवर सोडून येत आला होता: चढण ठीक, पण उतरताना गुडघा आतून सुटे, म्हणून तो अंधुकात, कोणी पाहत नाही अशा खात्रीने, खेकड्यासारखा आडवा उतरत असे, एक हात भिंतीला. लंगडणे त्याला येत होते. फक्त कोणासमोर येत नव्हते. आता त्याला स्वतःचेच लंगडणे, वीस वर्षांत कधी न वापरलेल्या परक्या भाषेसारखे, टिकारामच्या बाकावर बसून शिकायचे होते, आणि तेही भैय्याजींच्या शेजारी.

त्याची बायको जमुना दुपारी ताट घेऊन आली. तो गाळ्यातून परतल्यापासून तिने त्याच्या या झोपण्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि न विचारणे हीच तिची विचारायची रीत होती. ताट ठेवून ती म्हणाली, "शेजारीन विचारे, हवालदारले लकवा मारला काय. मी मनलं, नाई वं, सरकारी काम करून रायले."

"चूप बस."

"चूपच तं हावो." ती आत गेली आणि एका हातात त्याच्या चपला घेऊन आली, रोजच्या वापरातल्या, काळ्या पट्ट्यांच्या. तिने त्या खाटेवर, भाताच्या ताटापासून अंतर राखून, तळवे वर करून ठेवल्या. "पाहा. हे उजवी. तीनदा टाच बदलून आनली. बाहेरच्या बाजूनच झिजते, दर सा महिन्याले. हे डावी. हिले चपला शिवनाऱ्यानं आजवर हातबी नाई लावला. तुमाले वाटते का कोनाले दिसत नाई." खेमराज चपलांकडे पाहत राहिला. उजवीची टाच तिरपी कापल्यासारखी झाली होती. "बोर्डाले हेच नेऊन दाखवा ना," जमुना म्हणाली. "मांडी कायले वाळवता?" तो म्हणाला की बोर्ड असले काही पाहत नाही, आणि म्हणताना त्याला तिचा राग आला, कारण ज्या लंगडण्यावर आपण जन्मभर पांघरूण घातले ते या बाईला कायमच ठाऊक होते, आणि ती मुकाट्याने टाचा बदलून आणत होती, म्हणजे त्याच्या सरळ चालण्याच्या अर्ध्या मेहनतीवर तिचाही हात होता. "कवापासून माहीत हाय तुले?" त्याने विचारले. "तुमी सुट्टीवर आले होते तवापासून. घाटावर कपडे धुवाले मी तुमच्या अगुदर जावो," ती म्हणाली. "खालच्या पायरीवर बसून पाहो. आन तुमी जवळ आले का मान खाली घालो."

ती गेल्यावर तो बराच वेळ वडिलांचा विचार करत राहिला. बाबुलाल नान्हे. वैनगंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जाळे फेकणारा माणूस. काटेरी मासोळीने तळहात फाडला तर हात काखेत दाबून दुसऱ्या हाताने जाळे ओढणारा. कण्हणाऱ्याला तो 'रडका' म्हणे, आणि तो शब्द एखाद्याला चिकटला की गावभर चिकटे. शेवटच्या वर्षी त्याच्या पायाला जखम झाली होती. साखरेचा आजार असल्याचे कोणाला ठाऊक नव्हते. त्याने महिनाभर ती जखम लुगड्याच्या चिंधीत बांधून, धोतराखाली लपवून, रोज नदीत नेली. समजले तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. अंत्ययात्रेला आलेल्या प्रत्येकाने खेमराजच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "पन कदी कन्हला नाई गा बाबुलाल," आणि गणवेशात आलेल्या खेमराजची मान ताठ झाली होती. आता खाटेवर पडल्या पडल्या, मंडईच्या ऑटोचा कर्णा दुरून ऐकू येत असताना, त्याच्या मनात पहिल्यांदाच असे आले की तो मूर्खपणा होता. वीस-बावीस वर्षे तो ज्या गोष्टीकडे मान वर करून पाहत आला ती एका माणसाची निव्वळ लाज होती. हा विचार आला आणि तो इतका दचकला की उठून बसला, आणि उठताना सवयीने उजव्या पायावर भार दिला. मग टिकारामची आठवण होऊन तो काढून घेतला. कोणाला आणि किती तुच्छ लेखायचे याचा त्याच्याकडे आयुष्यभर एक पक्का हिशेब होता. त्यात सर्वांत खाली कण्हणारे होते, सर्वांत वर वडील, आणि त्यांच्या एक पायरी खाली तो स्वतः. आता पायऱ्याच जागेवर राहिनात. दिवसातून पन्नास वेळा त्याला स्वतःची घृणा येत होती, आणि ती कोणत्या खेमराजची, मांडी वाळवणाऱ्याची की मांडी भरणाऱ्याची, ते ठरवता येत नव्हते.

रविवारी डिंपल आली. बोर्डाला चार दिवस राहिले होते आणि ती येणार हे त्याला ठाऊक होते, तरी फाटकाची कडी वाजली तेव्हा त्याने पायावर चादर ओढून घेतली. तिच्या खांद्यावर पिशवी, पिशवीत निळ्या पुठ्ठ्याची वही. त्या वहीबद्दल तिने फोनवर दोनदा सांगितले होते: कॉलेजात प्रत्येकीने एका रुग्णाची नोंद ठेवायची होती, आणि तिने रुग्ण म्हणून वडील घेतले होते. पुरुष, वय पंचावन्न, उजव्या गुडघ्याची जुनी दुखापत. पहिले माप तिने व्यायाम सुरू करून देताना घेतले, तेव्हा उजवी मांडी डावीहून तीन सेंटीमीटरने बारीक होती. दुसरे माप महिन्याभराने, तेव्हा फरक एकावर आला होता. "मॅडमनं पुऱ्या वर्गासमोर वाचून दाखवलं, बाबा," ती आल्या आल्या म्हणाली. "म्हणे, घरच्या माणसावर एवढी मेहनत कोणी नाही घेत. आज शेवटचं माप. काढा चादर." तो म्हणाला, नंतर घे. ती म्हणाली, पाच वाजताची बस आहे. तिने चादर काढली, जमिनीवर गुडघे टेकले आणि टेप आधी डाव्या मांडीभोवती गुंडाळला, मग उजव्या, आणि काहीतरी चुकले असावे अशा मुद्रेने पुन्हा एकदा डाव्या.

"बाबा, तुमी व्यायाम सोडला काय?"

जमुना दारात उभी होती. तिने तोंड उघडले आणि खेमराजने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले त्या नजरेने ते मिटले. खरे सांगितले तर काय होईल हे त्याला स्पष्ट दिसत होते. मुलगी वही मिटेल, म्हणेल की असल्या मार्गाने येणाऱ्या फीवर मी शिकणार नाही, आणि उद्यापासून भंडाऱ्याला जाणार नाही; तिचा हट्ट कोणावर गेला होता हे त्याच्याइतके कोणाला माहीत होते? "सोडला," तो म्हणाला.

"काहून? दुखत होतं का?"

दुखत होतं म्हणणेही सोपे होते. पण दुखत असते तर तिने व्यायाम बदलून दिला असता, बँडेज आणले असते, रोज फोन केला असता. "नाई. कंटाळा आला."

"कंटाळा?" तिने मान वर केली. "तुमाले?" त्या एका शब्दात तिला लहानपणी पहाटे पाचला अंथरुणातून ओढून काढणारा बाप होता, आणि तो बाप या घटकेला तिच्या डोळ्यांसमोर विरून चालला होता. "दोन महिन्यांची मेहनत होती, बाबा. माझीबी होती." तो छताच्या फाट्यांकडे पाहू लागला. ती मांडीवर वही घेऊन लिहू लागली. आकडे लिहिले, त्यांच्यापुढे इंग्रजीत एक ओळ लिहिली. "काय लिवलं?" त्याने विचारले. ती सांगणार नव्हती. मग तिला वाटले असावे की सांगायलाच हवे. "रुग्ण आळस करतो, सहकार्य करत नाही," तिने वाचून दाखवले, आणि वही पिशवीत घातली. तिने चहा घेतला नाही.

बोर्डाच्या दिवशी पहिल्या एसटीने ते दोघे निघाले, खेमराज आणि टिकाराम. ब्लेझर घरीच राहिला, बूटही. "बूट मनजे बूट बोलते," टिकारामने सांगितले होते, "चप्पल घाला." छावणीतल्या त्या स्वच्छ, चुन्याच्या वासाच्या व्हरांड्यात, जिथे त्याने आयुष्यात कधी बुटाशिवाय पाऊल ठेवले नव्हते, खेमराज उघडा पडल्यासारखा चालत गेला. डॉक्टर तिशीची होती, मेजरचे चिन्ह खांद्यावर, नजर सरळ. तिने गुडघा वाकवून पाहिला, जुना एक्स-रे उजेडाला धरला, चालून दाखवा म्हणाली. तो जसा घाटावर उतरत असे तसा चालला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणासमोर तसे चालल्यामुळे त्याचे पाय लाजेने लटपटले. तिला ते गुडघ्याचेच वाटले असावे. मग टेप. तीन सेंटीमीटर. तिने आकडा लिहिला आणि लेखणी थांबवली. "एक्सरसाइज़ बताई थी किसी ने?" तो म्हणाला, "बताई थी." "करते हैं?" "नहीं, मॅडम." दोन्ही उत्तरे शब्दशः खरी होती. तिने त्याच्याकडे पाहिले, आणि ती नजर त्याने लगेच ओळखली. ती त्याचीच होती. तेवीस वर्षांपूर्वी मैदानाच्या वळणावर त्याने एका मुलाकडे अशीच टाकली होती. "आप जैसे लोगों से ये उम्मीद नहीं थी, हवालदार साब," ती म्हणाली, फार कडवटपणे नाही, आणि उरलेले त्याच्या देखत लिहून टाकले.

बाहेर कडुलिंबाखालच्या बाकावर टिकाराम बसला होता. "कितीचा फरक?" "तीन." "झालं मंग. वीस कुटंच जात नाई आता." त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. खेमराज प्यायला. मग बाटलीचे झाकण लावत, त्याकडेच पाहत म्हणाला, "टिक्या, तुझी नळी तवा खरंच मोडत होती."

"होय जी," टिकाराम म्हणाला, जणू कोणी त्याला वेळ विचारली होती. "बोर्डानं लिवून देलं हाय मले. अकरा वर्स लागली. मी कामचोर नोयतो, याचा शिक्क्याचा कागद हाय माझ्यापासी, लॅमिनेट करून ठेवला." तो थोडा पुढे झुकला. "तुमच्या कागदावर काय लिवलं?"

खेमराजला सांगायचे नव्हते. "आळस," तो म्हणाला. "व्यायामात हयगय करते मनून."

टिकारामने आधी ऐकून घेतले, मग त्याचे खांदे हलू लागले, आणि मग तो हसला. गाळ्यातले ते जोडलेले हात, ती पुसून दिलेली खुर्ची, ते 'जी', सारे त्या हसण्यात गळून पडले, आणि डोळे पुसत तो इतका वेळ हसत राहिला की व्हरांड्यातून एका परिचारिकेने डोकावून पाहिले. "उस्तादले!" तो म्हणाला. "उस्तादले आळशी लिवलं!" खेमराज बसून राहिला. त्या हसण्यात त्याच्याबद्दल जी तुच्छता होती ती निखळ होती, कमावलेली होती, आणि खेमराजला जाणवले की गेल्या चोवीस दिवसांत आपल्याशी कोणी एवढे खरे वागले नव्हते.

ते उठले. फाटकापर्यंत लांब डांबरी रस्ता होता, दुतर्फा चुन्याने रंगवलेले दगड. टिकाराम डाव्या पायाने झुलत होता, खेमराज उजव्याने. आता लपवायचे कोणापासून, असे म्हणत म्हणत दोघे मोकळेपणी लंगडत निघाले. फाटकावर विशीतला एक जवान पहाऱ्याला उभा होता, कडक इस्त्री, नजर समोर. तो दृष्टीस पडला आणि कोणी कोणाला काही न सांगता दोघांच्या पाठी ताठ झाल्या. टिकारामच्या चालीतला हेलकावा गेला. खेमराजने हनुवटी उचलली, दाढेखाली गालाचे मांस धरले आणि उजवी टाच पूर्ण टेकवली. कागदोपत्री पक्की झालेली ती दोन अधू माणसे पंचवीस पावले पाऊल मिळवून चालत गेली, आणि जवानाने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. फक्त खेमराजची उजवी चप्पल, बाहेरच्या अंगाने झिजलेली, डांबरावर डावीपेक्षा निराळी वाजत होती. एक पाऊल घट्ट, एक पोकळ, एक घट्ट, एक पोकळ. ती ऐकू जाऊ नये म्हणून तो मोठ्याने खाकरला. टिकारामने नजर समोरच ठेवली होती.

"वाजू द्या, उस्ताद," तो हळूच म्हणाला.